बाटलीसोबत पुरावा: आमची वाटचाल

संशोधकांसाठी बनवलेल्या रसायनाच्या आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या बाटलीत बहुतेक वेळा दोन-पाच ग्रॅम पावडर असते, कधी कधी तर नुसती शंभर मिलिग्रॅम. पांढरी, फिकट पिवळी, फार तर विटकरी. तिच्यासोबत जाणारी फाइल मात्र जाड असते. आयआर म्हणजे अवरक्त किरणांचा स्पेक्ट्रम (आलेख), रेणूतले हायड्रोजन-कार्बन कुठे बसलेत ते दाखवणारे प्रोटॉन आणि कार्बन एनएमआर, रेणूचं वस्तुमान सांगणारा मास, शुद्धता दाखवणारा एचपीएलसीचा आलेख, वितळणबिंदू, सगळं तिच्यात. २००४ साली मुलुंडला एलबीएस मार्गालगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा घेऊन आम्ही दोघा नवराबायकोंनी काम सुरू केलं, तेव्हा ग्राहक फक्त बाटली मागायचे. आज पहिल्याच फोनवर विचारतात, "मॅडम, डेटा काय काय देणार?" या प्रश्नावरच आमचा धंदा उभा राहिला.

आम्ही हेटेरोसायक्लिक संयुगं बनवतो. वलयात कार्बनच्या जोडीला नायट्रोजन, गंधक किंवा ऑक्सिजन बसला की वलय विषम होतं, आणि औषधांच्या दुनियेत अशा वलयांचंच राज्य आहे. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमध्ये पिरिडीन आहे, मेट्रोनिडाझोलमध्ये इमिडाझोल, बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलमध्ये ट्रायाझोल, क्लोरोक्विनमध्ये क्विनोलीन. वलय तेच ठेवून त्याच्यावर कुठल्या जागी क्लोरीन, कुठे मिथिल, कुठे नायट्रो बसवायचा, यावर संशोधकांची वर्षं जातात. त्यांना हवा असलेला नेमका रेणू थोड्या प्रमाणात करून देणं हे आमचं काम.

हे काम मुंबईत सुरू करणं सोपं होतं असं नाही, पण मुंबईत जे हाताशी होतं ते दुसरीकडे क्वचितच मिळालं असतं. थायोयुरिया हवा, मस्जिद बंदरची वडगादी गाठा. काचेचा जॉइंट हवा, प्रिन्सेस स्ट्रीटला जा. माटुंग्याला १९३३ पासूनची रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, आणि कलिन्याला विद्यापीठ. पवईला आयआयटीत बाहेरच्यांचेही नमुने शुल्क घेऊन तपासणारं सैफ. हे केंद्र १९७६ पासून चालू आहे. स्वतःचं एनएमआर घेण्याची ऐपत नसलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा फार मोठा आधार होता आणि आहे. माझा नवरा एका बल्क ड्रग कंपनीच्या आर अँड डीमध्ये बरीच वर्षं काढून आला होता, मी ऑर्गॅनिकमध्ये एमएस्सी. तो रिॲक्शन लावायचा, मी स्पेक्ट्रम वाचायची. कामाची ही वाटणी आजही तशीच आहे.

पहिली ऑर्डर एका कॉलेजातल्या पीएचडीच्या मुलीची होती. तिला २-अमिनो-४-फेनिलथायाझोल आणि त्याचे काही बदललेले भाऊबंद जिवाणूंवर तपासून पाहायचे होते. हान्च या जर्मन रसायनज्ञाने १८८७ मध्ये मांडलेली ही रिॲक्शन. फेनॅसिल ब्रोमाइड आणि थायोयुरिया इथेनॉलमध्ये घेऊन रिफ्लक्सला, म्हणजे वाफ थंड होऊन परत येईल असं उकळत, ठेवायचं. फेनॅसिल ब्रोमाइडने डोळ्यांना धारा लागतात, त्यामुळे वजनही वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करायचं. मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर सुरुवातीच्या मालाचा स्पॉट गेला की थंड करा, स्फटिक खाली बसतात. हे स्फटिक हायड्रोब्रोमाइड क्षाराचे असतात. अमोनियाने किंवा सोड्याने तो क्षार मोडला की मोकळा थायाझोल हाती येतो, आणि तो साधारण दीडशे अंशांवर वितळतो.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. आयआरमध्ये तरंगसंख्या १६९० च्या आसपासचा कीटोनचा पट्टा गेला पाहिजे आणि वर ३२५० ते ३४५० मध्ये अमिनोचे पट्टे दिसले पाहिजेत. मासमध्ये १७७ चा आयन. डीएमएसओ या द्रावकात घेतलेल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये आडव्या पट्टीवर ७ पीपीएमजवळ गंमत असते. वलयावरचा एकटा हायड्रोजन आणि अमिनोचे दोन हायड्रोजन तिथे जवळजवळ एकमेकांवर येऊन बसतात. कोणता पीक (शिखर) कोणाचा? नळीत डी२ओचा, म्हणजे जड पाण्याचा, एक थेंब टाकून हलवायचं. अमिनोचे हायड्रोजन ड्युटेरियमशी अदलाबदल करतात, त्यांचा पीक नाहीसा होतो, वलयावरचा जागच्या जागी राहतो. ही साधी चाचणी आम्ही पहिल्या फाइलपासून लावत आलो. त्या मुलीला तिच्या व्हायवात नेमकं हेच विचारलं गेलं, असं तिने नंतर कळवलं, आणि तिच्या डिपार्टमेंटमधल्या बाकीच्यांच्या ऑर्डरी आमच्याकडे आल्या.

मुंबईच्या पावसाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. त्या काळात आयआरसाठी नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून त्याची पारदर्शक चकती दाबायची पद्धत होती. जुलैमध्ये ही चकती हवेतलं पाणी पिते. मग ३४०० जवळ पाण्याचा रुंद ढेकूळ उगवतो आणि १६४० जवळ त्याचा दुसरा पट्टा. अमिनोचे पट्टेही तिथेच असतात, म्हणजे हवा तो पुरावा पाण्याखाली झाकला जातो, किंवा नसलेला अमिनो आहे असं वाटतं. ब्रोमाइड ओव्हनमधून काढून गरम असतानाच वापरायचं, नमुना व्हॅक्यूममध्ये वाळवायचा, शंका आली तर नुजॉल या तेलात पुन्हा घ्यायचा, असे नियम आम्ही पावसाळ्यापुरते भिंतीवर चिकटवले. पुढे चकती न करता नमुना थेट मोजणारं एटीआर आलं आणि चकतीचा त्रास संपला. पण पावसाळ्यात वाळवलेला नमुना डेसिकेटरबाहेर, म्हणजे कोरड्या बंद भांड्याबाहेर, ठेवायचा नाही, हा नियम कायम आहे, कारण क्षार किंवा हायड्रेट होणारं संयुग असेल तर त्याचं वजन आणि सीएचएन, म्हणजे कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनची टक्केवारी, दोन्ही बदलतात. प्रबंधात आणि शोधनिबंधात सीएचएन गणिती आकड्याच्या ०.४ टक्क्याच्या आत लागतं. आर्द्रतेने ते सहज चुकतं.

धंद्याला वळण दिलं ते पायराझोलने. एका छोट्या औषध कंपनीला १,५-डायमिथिल-३-फेनिलपायराझोल हवं होतं. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून आलेला माल पुढच्या पायरीत अपेक्षेप्रमाणे वागत नव्हता. नॉरची ही १८८३ ची रिॲक्शन पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते: डायकीटोन अधिक हायड्राझिन. पण डायकीटोनच्या एका बाजूला मिथिल आणि दुसऱ्या बाजूला फेनिल असेल, आणि हायड्राझिनवर स्वतःचा मिथिल असेल, तर वलय दोन प्रकारे मिटू शकतं. एकात फेनिल तिसऱ्या जागी जातो, दुसऱ्यात पाचव्या. रेणूसूत्र एकच, मास १७२ च, आयआर जवळपास सारखा. मास आणि आयआर एवढ्यावर माल पास केला तर दोन्ही "बरोबर" ठरतात.

आम्ही ही दोन्ही रूपं, म्हणजे आयसोमर, वेगळे केले. मिथिलहायड्राझिन अतिशय विषारी, त्यामुळे ते काम नवऱ्याने स्वतः हूडमध्ये केलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मग सिलिका भरलेल्या कॉलममधून वेगळं करणं, आणि मग एनएमआर. फेनिल तिसऱ्या जागी असेल तर त्याचे शेजारचे दोन हायड्रोजन ७.७ ते ७.८ वर वेगळे उभे राहतात. पाचव्या जागी असेल तर पाचही हायड्रोजन ७.४ च्या आसपास गर्दी करतात. यावरच मला उत्तर कळलं होतं, पण ग्राहकाच्या हातात ठोस काही द्यायचं म्हणून एनओई प्रयोगही करून घेतला. नायट्रोजनवरच्या मिथिलला चेतवलं की अवकाशात त्याच्या जवळ कोण आहे ते दिसतं: वलयावरचा मिथिल, की फेनिलचे हायड्रोजन. कंपनीकडे आधी आलेल्या मालात मुख्यतः नको तो आयसोमर होता. त्यांनी आमची फाइल तीन वेळा वाचली, असं त्यांच्या आर अँड डी प्रमुखांनी मला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते आमचे ग्राहक आहेत. जागा बदलली की औषध बदलतं. सांधेदुखीवरच्या सेलेकॉक्सिबमध्येही पायराझोलच्या पहिल्या आणि पाचव्या जागेवरच दोन ॲरिल गट बसलेले असावे लागतात.

त्यानंतर कामाचं स्वरूप बदलत गेलं. औषध कंपन्यांना औषधाइतकीच त्यातली अशुद्धीही हवी असते, पण शुद्ध रूपात, तुलनेसाठी. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या नियमाप्रमाणे रोजचा डोस दोन ग्रॅमपर्यंत असलेल्या औषधात ०.१० टक्क्यावर गेलेली अशुद्धी कोण आहे ते ओळखावं लागतं. रोजच्या डोसातून तिचं प्रमाण एक मिलिग्रॅमवर जात असेल तर त्याआधीच. त्यासाठी तिचा नमुना कुणीतरी बनवायला हवा. ॲसिडिटीवरच्या ओमेप्राझोलचं उदाहरण घ्या. त्याच्या शेवटच्या पायरीत सल्फाइडचा सल्फॉक्साइड करतात. ऑक्सिडेशन जरा पुढे गेलं की सल्फोन होतो, वस्तुमान १६ ने वाढतं. एनएमआरमध्ये या दोघांना ओळखायची खूण फार सुंदर आहे. सल्फॉक्साइडमधलं गंधक असममित असल्याने शेजारच्या सीएच२ चे दोन हायड्रोजन एकमेकांसारखे राहत नाहीत, ते दोन डबलेट, म्हणजे जोडशिखरं, देतात. सल्फोनमध्ये ती असममिती जाते आणि तिथे एकच सरळ सिंगलेट, म्हणजे एकटं शिखर, उरतो. नवीन मुलांना शिकवताना मी हे दोन स्पेक्ट्रम एकाखाली एक ठेवते आणि फरक त्यांनाच शोधू देते.

२०१८ मध्ये रक्तदाबावरच्या वॅलसार्टनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं नायट्रोसामिन सापडलं आणि जगभर माल परत मागवला गेला. टेट्राझोल वलय बनवल्यावर उरलेलं अझाइड नायट्राइटने नष्ट करताना डीएमएफ या द्रावकातून आलेल्या डायमिथिल अमिनशी नायट्राइटची गाठ पडली होती, आणि त्यातून एनडीएमए झालं. त्यानंतर नायट्रोसामिन स्टँडर्डसाठी आमच्याकडे विचारणा सुरू झाली. पैसा चांगला होता. आम्ही नाही म्हटलं. रोज ९६ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये अशी मर्यादा असलेला पदार्थ ग्रॅममध्ये हाताळायला जी बंदिस्त व्यवस्था लागते ती आमच्याकडे नाही, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या आहेत.

त्याच्या आधीच आम्ही मुलुंडचा गाळा सोडून पूल ओलांडून रबाळ्याच्या एमआयडीसीत आलो होतो. वस्तीच्या मधोमध पेट्रोलियम इथरचे ड्रम ठेवणं बरोबर नव्हतं. इथे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे, वापरलेली सॉल्व्हंट आणि सिलिका वेगळी साठवून तळोज्याच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे जाते. याचा खर्च प्रत्येक कोटेशनमध्ये असतो, आणि दर जास्त का असं कुणी विचारलं तर मी तो आकडा दाखवते.

आमच्याकडे बहुतेक मुलं-मुली ठाणे, कल्याण, बदलापूरच्या कॉलेजांतून एमएस्सी करून येतात. आल्या आल्या त्यांना रिॲक्शन लावायला देत नाही. आधी सॉल्व्हंटचे पीक पाठ: क्लोरोफॉर्म ७.२६, डीएमएसओ २.५०, त्यातलं पाणी ३.३३, आणि क्लोरोफॉर्ममध्ये इथाइल ॲसिटेटचे १.२६, २.०५, ४.१२. स्वतःच्या संयुगाचा पीक कोणता आणि कॉलममधून सोबत आलेला कोणता हे सांगता आलं पाहिजे. फाइलमध्ये आम्ही छापील स्पेक्ट्रमबरोबर एनएमआरचा मूळ एफआयडीही, म्हणजे मशीनने टिपलेला कच्चा सिग्नलही, देतो. ग्राहकाने तो स्वतः प्रोसेस करावा, बेसलाइन ताणून पाहावी, हव्या त्या जागी इंटिग्रेशन घ्यावं. लपवण्यासारखं काही नसेल तर कच्चा डेटा द्यायला हरकत कसली?

गेल्या वर्षी आम्ही टेबलावर मावणारं छोटं एनएमआर घ्यायचं ठरवलं. मोठ्या मशीनच्या चुंबकाला उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम सतत लागतं, तो खर्च आमच्या आवाक्याबाहेर. छोट्यात कायमचं चुंबक असतं, हेलियमची गरज नाही. रिॲक्शन पूर्ण झाली का, क्रूडमध्ये, म्हणजे शुद्ध न केलेल्या मालात, सुरुवातीचा माल किती उरला, एवढं त्यावर दुपारच्या दुपारी कळेल. पायराझोलच्या आयसोमरसारखा प्रश्न आला तर नमुना पूर्वीसारखाच मोठ्या मशीनवर पाठवू, आणि फाइलमध्ये कोणता स्पेक्ट्रम कुठल्या मशीनवर घेतला ते लिहू. ऑर्डर देताना रचनेचं चित्र, हवं असलेलं वजन आणि तुमची पुढची पायरी कोणती हे तिन्ही कळवलंत तर कुठल्या चाचण्या लागतील ते आम्ही आधीच सांगू शकतो. पुढची पायरी सांगायला पुष्कळ जण बिचकतात. गोपनीयतेचा करार आम्ही कोटेशनच्या आधी सही करून देतो.