शंभर एमबीपीएस, बारा एमबी आणि मधात आलेला कूलर

मी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. ऑनलाइन बॅच सुरू केली तेव्हा सगळी भिस्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. रोजचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपायचा आणि मेसेज यायचा की आता वेग ६४ केबीपीएस. म्हणजे नेट बंद नाही, पण सेकंदाला जेमतेम ८ केबी. एवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ जातं, वहीच्या पानाचा फोटो काही जात नाही. शेवटी फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशावर येणारं नेट, घ्यायचं ठरवलं.

दुकानातल्या मुलाने १०० एमबीपीएसचा प्लॅन पुढे केला. ‘‘४९९, अनलिमिटेड.’’ १८ टक्के जीएसटी धरून ते ५८९ होतात, हे मीच काढलं. अनलिमिटेडखाली बारीक अक्षरांत एफयूपी होतं: महिन्याचा ठरलेला डेटा वापरून झाला की वेग पाडतात. किती जीबीनंतर आणि किती पाडतात, ही दोन्ही उत्तरं घेऊनच फॉर्म भरला. राउटर परत दिल्यावर डिपॉझिट मिळणार का, हेही लिहून घेतलं.

जोडणी झाली त्याच दिवशी आमचे हे चिडले. फाइल उतरताना लॅपटॉप सेकंदाला १२ एमबी दाखवत होता. ‘‘शंभर सांगतात न् बारा देतात!’’ फसवणूक नव्हती. एमबीपीएस मोजतात बिटमध्ये, फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. ह्यांना पटलं, पण कंपनीने सरळ साडेबाराच का लिहू नये, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

खरी कटकट मागच्या खोलीत, जिथे मी शिकवते. फोनवर वायफायची खूण दिसायची आणि व्हिडिओ गोठायचा. तंत्रज्ञ भाऊ आले, त्यांनी राउटरजवळ उभं राहून स्पीड टेस्ट केली, मग खोलीत येऊन केली. ‘‘मॅडम, नेट बरोबर येऊन राहिलं. तुमचा कूलर मधात आहे.’’ दोन खोल्यांमधल्या खिडकीत आमचा पत्र्याचा मोठा कूलर, खाली टाकीभर पाणी. पत्रा आणि पाणी, दोन्ही वायफायच्या लहरी अडवतात. मे महिन्यात नागपुरात कूलर हलवणं कोणाच्याच मनात येणार नाही, म्हणून राउटर पॅसेजच्या भिंतीवर उंच लावला.

त्याच राउटरची दोन नावं फोनवर दिसतात. २.४ गिगाहर्ट्झचं भिंतींपलीकडे जातं पण हळू, ५ गिगाहर्ट्झचं जवळ सुसाट आणि दोन भिंतींनंतर गारद. दुसऱ्याच्या नावापुढे ‘५जी’ असतं, त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. मोबाइलचं ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूरही होतं, त्यामुळे इथे हा घोळ हमखास होतो.

पावसाळ्याआधी गल्लीत सिमेंट रोडसाठी खोदकाम निघालं आणि नेट गेलं. कस्टमर केअरवाली नेहमीचं म्हणाली, राउटर बंद करून चालू करा. मी सांगितलं, राउटरच्या डब्यावर पीओएनचा (कंपनीशी जोडणी दाखवणारा) दिवा लागत नाही आणि एलओएस (सिग्नल तुटल्याचा) लाल लुकलुकतोय. म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही, बिघाड तारेत आहे. तिने पुढचे प्रश्न सोडले आणि तक्रार क्रमांक दिला. तेच भाऊ आले. केसाएवढी काच, ती दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवून त्यांनी वितळवून जोडली, मग प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावला. उणे २१ डीबीएम. उणे २७-२८ च्या खाली गेलं तर डबा सिग्नल धरत नाही म्हणे. जाताना पिवळी तार खिळ्याला आवळून बांधू नका, असं बजावलं. तीक्ष्ण वळणातून प्रकाश निसटतो.

मोबाइलचा डेटा पॅक मात्र मी ठेवलाय, छोटा. लाइट गेली की राउटरही जातो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला, तरी कंपनीच्या केंद्रातलीच वीज गेली तर तो काय करणार?