गावचा व्हॉट्सॲप ग्रुप ग्रामसभेच्या कामी लावायचा तर

ग्रुपवर सातशे माणसं आणि ग्रामसभेला वीस, हे चित्र बहुतेक गावांत दिसतं. कोरमला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला कोरमची अट नसते. मग मोजक्या माणसांत सगळे विषय मंजूर! ग्रुपचा उपयोग करायचा तो इथे.

नोटीस सभेच्या सात दिवस आधी लागते. लागली की फोटो काढून टाकायचा, पण रोजच्या ग्रुपवर नको. तिथे वाढदिवसांच्या शुभेच्छांत ती तासाभरात बुडते. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असा वेगळा ग्रुप हवा. ॲडमिन वेगवेगळ्या वॉर्डांतले, त्यात बचत गटातली एखादी ताई. सगळे एकाच पार्टीचे असले की दुसरी पार्टी आठवड्यात आपला ग्रुप काढते.

मग ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या कामांचं आणि खर्चाचं सरकारी पोर्टल उघडायचं. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. वडगाव, पिंपळगाव अशी नावं ढिगाने असतात, म्हणून ग्रामपंचायतीचा एलजीडी कोड, म्हणजे सरकारी यादीतला तिचा स्वतःचा नंबर, एकदा शोधून लिहून ठेवा. वित्त आयोगाच्या पैशातला बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. त्यातून रस्ता मागून उपयोग नाही. खर्च पडलेली दोन-तीन कामं निवडा आणि जागेवर जाऊन बघा.

फोटोचं एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती गळून पडते. जिओ टॅग कॅमेऱ्याने फोटोवरच तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटवा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर “ही गटार आमच्या गावची नाहीच” हे उत्तर ठरलेलं.

व्हॉट्सॲपवरच्या पोलवर, म्हणजे मतचाचणीवर, मात्र भरवसा नको. कोणी कशाला मत दिलं ते ग्रुपवर सगळ्यांना दिसतं. सरपंचांच्या कामाविरुद्ध तिथे बोट कोण दाबणार? लाभार्थ्यांची यादी टाकण्याआधी आधार आणि बँक खात्याचे नंबर झाका.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तेच आकडे मोठ्या अक्षरात कागदावर काढून रेशन दुकानाशी, अंगणवाडीशी लावा. दवंडी सोडू नका. मागण्या लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे अर्ज नव्हे.

सभेत एक चाल हमखास होते: आधी हजेरीच्या सह्या, ठराव नंतर सवडीने लिहायचे. म्हणून ठराव लिहून, वाचून दाखवेपर्यंत उठायचं नाही. मग ठराव क्रमांकासह प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, पानाचा फोटो घ्यायचा. नाही काढू दिला तर दुसऱ्याच दिवशी नकलेसाठी अर्ज द्यायचा.