मागचा डिफरन्शियल पुन्हा खाली : शीळ येण्याचे मूळ शिममध्ये नव्हते

मागच्या नोंदीत माझ्या महिंद्रा एमएम 540 जीपच्या मागच्या हाऊसिंगचे (मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शियलच्या घराचे) काम पूर्ण झाल्याचे मी लिहिले होते, ते मला मागे घ्यावे लागत आहे. नवीन क्राऊन-पिनियन (प्रॉपेलर शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी; पिनियन लहान, क्राऊन मोठे) बसवून तीन आठवडे होतात न होतात तोच, यवतेश्वर घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ताशी 35 ते 45 किलोमीटरच्या दरम्यान मागून एक बारीक, वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येऊ लागली. घाट चढताना मात्र गाडी पूर्णपणे शांत होती आणि उतारावरही न्यूट्रल केली की आवाज जवळजवळ नाहीसा होत असे.

पहिला संशय चाकांच्या बेअरिंगवर आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर घेतला, पण तो निस्तरायला एक दुपार पुरली. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला, पुढची फोर-व्हील टाकली आणि केवळ पुढच्या ॲक्सलवर गाडी चालवली. शीळ गेली. दोष मागच्या क्राऊन-पिनियनमध्येच आहे याची खात्री करण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. चढावर दातांची ड्राइव्ह बाजू भार घेते आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगमुळे कोस्ट बाजू घेते, त्यामुळे साताऱ्यातून कासच्या रस्त्याला लागल्यावर येणारा हा घाट आपल्यासारख्यांसाठी एक उत्तम चाचणीयंत्रच आहे. कोस्ट बाजूचा ठसा (दात एकमेकांना जिथे टेकतात ती खूण) बिघडला आहे, हे डिफरन्शियल उघडण्यापूर्वीच त्याने सांगितले होते.

माझ्या मागच्या ॲक्सलचे, म्हणजे डाना 44 चे काम ज्यांनी केले आहे त्यांना खरी अडचण ठाऊक आहे. पिनियनची खोली ठरवणारे शिम (धातूच्या पातळ चकत्या) आतल्या बेअरिंगच्या बाहेरच्या कपामागे असतात आणि क्राऊन डावीकडे-उजवीकडे सरकवणारे शिम केजच्या (क्राऊन ज्यावर बसतो त्या सांगाड्याच्या) बाजूच्या बेअरिंगखाली असतात. म्हणजे 0.05 मिलिमीटरचा बदल करायचा तरी दाबून बसवलेले बेअरिंग उपटावे लागते. पहिल्याच वेळी साध्या दोन नख्यांच्या पुलरने नव्या बेअरिंगची जाळी वाकवली आणि ते बेअरिंग वाया गेले. माझे स्पष्ट मत आहे की या कामाला दोन अर्ध्या वाट्यांचा, रोलरखाली सगळीकडून पकड घेणारा पुलरच हवा. तो महाग असला तरी दोन बेअरिंगच्या किमतीत वसूल होतो.

त्यानंतर मात्र मी जुनी बेअरिंग उपयोगात आणली. नवी जोडी बसवण्याआधी पिनियनच्या सीलमधून तेल गळून गेले तेव्हा फक्त बाहेरचे बेअरिंग फुटले होते. आतले आणि बाजूची दोन्ही शाबूत होती. बाजूच्या बेअरिंगच्या आतल्या रेसचे भोक डाय ग्राइंडरवर पॉलिश पेपरचे चाक लावून हाताने सरकेल इतके मोठे केले आणि आतल्या बेअरिंगचा जुना कप एमआयडीसीतील एका ग्राइंडिंगवाल्यांकडून बाहेरून किंचित उतरवून घेतला. आता शिम बदलायला पुलर लागत नाही, प्रेस लागत नाही. संपूर्ण जोडणी पाऊण तासात उघडून पुन्हा बसते. या संपूर्ण कामात मला सर्वाधिक समाधान कशाने दिले असेल तर या तीन झिजवलेल्या तुकड्यांनी. नवी बेअरिंग चढवल्यावर ठसा एकदा पुन्हा तपासावा लागतो, कारण दोन बेअरिंगच्या जाडीत सूक्ष्म फरक असू शकतो.

ठसा घेण्यासाठी मी प्रशियन ब्लूऐवजी तेलात घट्ट कालवलेला शेंदूर वापरतो. जुने मिस्त्री तोच वापरत आले आहेत आणि तेलकट काळ्या दातावर तो निळ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग आहे, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर दात पूर्ण धुवावेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. जुन्या पिनियनच्या तोंडावर +1 आणि नव्यावर −2 कोरलेले होते (प्रमाण खोलीपासूनचा फरक, थाऊंत म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत), म्हणून हिशेबाप्रमाणे जुन्या 0.81 मिलिमीटरच्या शिममध्ये तीन थाऊ, म्हणजे सुमारे 0.08 मिलिमीटर वाढवून 0.89 ठेवले होते. बॅकलॅश (दोघांच्या दातांमधील मोकळीक) 0.15 मिलिमीटर होता, जो 0.13 ते 0.23 या मर्यादेत व्यवस्थित बसतो. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) फ्लँजला पट्टी बांधून, केंद्रापासून 10 सेंटिमीटरवर वजनकाट्याने ओढून पाहिला. सील न बसवता एकसारखे फिरवताना काटा 3 किलो दाखवत होता, म्हणजे 30 किलोग्रॅम-सेंटिमीटर, आणि नव्या बेअरिंगला तो योग्य आहे. कागदावर सर्व काही बरोबर होते.

शेंदूर वेगळेच सांगत होता. ड्राइव्ह बाजूचा ठसा दाताच्या मधोमध, पण कोस्ट बाजूचा थेट हीलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टोकाच्या कडेवर. पिनियन खोल गेला की कोस्टचा ठसा हीलकडे सरकतो, म्हणून शिम 0.79 केले. कोस्ट मध्याकडे आला, पण ड्राइव्हचा ठसा दाताच्या माथ्यावर चढला. मधला मार्ग म्हणून 0.84 केले, तर दोन्ही बाजू अर्धवट. क्राऊन जवळ घेऊन बॅकलॅश 0.13 केला, तेव्हा दोन्ही ठसे एकदमच ‘टो’कडे, म्हणजे दाताच्या आतल्या टोकाकडे सरकले. क्राऊनच्या बैठकीवर बुरी राहिली असेल या शंकेने फ्लँज तेलदगडाने साफ करून डायल गेज लावला, पण रनआउट (फिरताना होणारी डगमग) नगण्य होता. चार वेळा जोडणी उघडली आणि चारही वेळा एक बाजू सुधारली की दुसरी बिघडली.

पाचव्या दिवशी, आयुष्यभर जीपगाड्यांच्याच हाऊसिंगचे काम केलेले एक मिस्त्रीकाका गॅरेजवर आले. त्यांनी दोन दातांवरचे ठसे बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि एवढेच म्हणाले, “दोन्ही अंगाला ठसा बसंना म्हंजी जोडी एका घरची न्हाय. लंबर बघितलं का?”

नंबर मी बसवतानाच पाहिला होता, असे माझे ठाम मत होते. पेट्रोलने पुसून भिंगाखाली पुन्हा पाहिला. क्राऊनच्या कडेवर 417 आणि पिनियनच्या तोंडावर 471. तेलाच्या थराखाली, घाईच्या नजरेला दोन्ही सारखेच दिसले होते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवले जातात आणि त्यानंतरच दोघांवर एकच क्रमांक कोरला जातो. त्यामुळे 43 आणि 8 दातांचे गुणोत्तर अचूक असले तरी परक्या जोडीदाराबरोबर दातांचे पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी कधीच बसत नाहीत. −2 हा आकडाही त्या पिनियनच्या स्वतःच्या जोडीसाठीच खरा होता. ज्या दुकानातून हा माल घेतला त्यांनी बसवलेला माल परत घेण्यास नकार दिला. खोके सीलबंद असले तरी ते काउंटरवरच उघडून, चिंधीने पुसून, दोन्ही क्रमांक आकडा आकडा वाचूनच पैसे द्यावेत, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

जुनी जोडी मी टाकून दिली नव्हती. दात झिजलेले आहेत, पण कुठेही टवका नाही. तिचा मूळ बॅकलॅश 0.18 असल्याचे मी वहीत लिहून ठेवले होते. चाललेल्या जोडीला नव्याचे माप न देता तिच्या मूळ मापावरच बसवावे लागते. शिम पुन्हा 0.81. दुसऱ्याच प्रयत्नात दोन्ही बाजूंचा ठसा मधोमध आला, अंतिम बेअरिंग चढवल्यावरही हलला नाही. पिनियनची नट सुमारे 28 किलोग्रॅम-मीटरला आवळली, नवे सील आणि जीएल-5 दर्जाचे 80डब्ल्यू-90 तेल घातले. परवा कासपर्यंत जाऊन यवतेश्वर घाट तिसऱ्यात आणि दुसऱ्यातही उतरलो. मागे फक्त टायरचा आवाज होता.

नवीन जोडी शोधताना 39 आणि 8 दातांची, म्हणजे 4.88 ची घ्यावी असे ठरवत आणले होते, कारण कराडकडे महामार्गावर ताशी 60 ला इंजिन सुमारे 2,450 फेऱ्यांवर ओरडते आणि 4.88 ने त्या 2,200 च्या आसपास येतील. पण मग पुढचा ॲक्सलही बदलणे भाग आहे. नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढच्या-मागच्या चाकांत दहा टक्क्यांचा फरक पडून सगळा ताण ट्रान्स्फर केसवर (दोन्ही ॲक्सलना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) येईल. म्हणजे दोन जोड्या, दोनदा शेंदूर. हे लिहिता लिहिता दुसरा विचार बळावत आहे : डाना 18 ट्रान्स्फर केसच्या मागच्या पीटीओच्या (जोडयंत्रांना शक्ती देणाऱ्या) तोंडावर बसणारा वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (जादा वेगाचा गिअर). तो ट्रान्स्फर केसच्या अलीकडेच वेग 25 टक्के वाढवतो, त्यामुळे दोन्ही ॲक्सल आहेत तसेच राहतात आणि शांत झालेल्या मागच्या हाऊसिंगला हात लावावा लागत नाही.

तो मिळेल तेव्हा मिळेल. त्याआधी माझ्या केएमटी 90 गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा) त्याला जुळतात का, हे पाहावे लागेल. रविवारी मागची प्लेट काढून स्प्लाइन मोजतो आणि व्यास लिहितो. कोणाकडे असा ओव्हरड्राइव्ह सुट्या भागांत पडून असेल, तर त्याच्या गिअरच्या आतल्या दातांची संख्या मोजून मला कळवावी. पुढच्या नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) सीलही तोवर बदलून होईल.