कूलरच्या टबमध्ये सांबार

आज सकाळपासून मागच्या अंगणात होते. खर्च फक्त ३४० रुपये: शेणखताची दोन पोती, किलोभर निंबोळी पेंड आणि मिरचीची सहा रोपं. बाकी सगळं घरातलंच.

जुन्या कूलरचा गंजलेला टब कबाडीवाल्याला द्यायचा होता. आईनं थांबवलं, "अगं, त्यात सांबार लाव." सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. पाणी निघून जावं म्हणून खिळ्यानं तळाला भोकं पाडली, विटांचे तुकडे पसरले. माती मात्र आपली नागपुरी काळी. भिजली की चिखल, वाळली की भेगा, आणि कुंडीत तर दगडासारखी घट्ट होते. गेल्या वर्षी माझी मेथी त्यातच सडली होती, फार वाईट वाटलं होतं. म्हणून या वेळी निम्मी माती, निम्मं शेणखत आणि धानाचं तूस मिसळलं. मूठ वळून पाहिली, तर हात उघडताच भुसभुशीत सुटली. किती आनंद झाला!

धणे किराण्यातलेच. हलके रगडून दोन फाका केल्या, रात्रभर भिजवले होते. कूलरच्या जुन्या ताट्यांमधलं गवत मिरचीच्या बुडाशी अंथरलं. त्यानं ओल टिकते. ते मी उन्हाळ्यासाठीही राखून ठेवणार आहे, कारण मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर गेला की कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते.

संध्याकाळी आई टबाजवळ खुर्ची टाकून बसली होती. कोंब यायला आठ-दहा दिवस लागतील, पण ती आत्ताच दोनदा पाहून आली.