शोधाचा मजकूर फायलींत की डेटाबेसमध्ये : माझा अनुभव

सोलापुरातील चादरी-टॉवेलच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर शोधाची सोय करण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा प्रत्येक मालाचे वर्णन स्वतंत्र फाईलमध्ये होते आणि कोणी काही शोधले की प्रोग्राम त्या साऱ्या फायली एकेक करून उघडत असे. माल हजारांत गेल्यावर हे चालण्यासारखे नव्हते. शिवाय लिनक्सवरील एक्स्ट-४ या फायली साठवण्याच्या व्यवस्थेत अर्ध्या केबीच्या वर्णनालाही साधारणपणे ४ केबीचा ब्लॉक, म्हणजे डिस्कवरील जागेचा ठरावीक तुकडा, खर्ची पडतो.

म्हणून कोणता शब्द कोणकोणत्या मालात येतो याची सूची करून ती एका फाईलमध्ये ठेवली आणि शोध वेगवान झाला. फाईल हे माध्यम मुळात कमी प्रतीचे नाही. ल्युसीनसारखे नावाजलेले शोध-इंजिनही सूची फायलींतच ठेवते, पण लिहून झालेल्या फाईलला हात न लावता नवा मजकूर नव्या भागात लिहिते. तेवढी व्यवस्था स्वतः उभारणे मला शक्य नव्हते, आणि दुकान व गोदाम दोन्हीकडून एकाच वेळी नोंदी बदलत असल्याने एकाच्या लिखाणाखाली दुसऱ्याचे पुसले जाण्याची धास्ती होती. बदल एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये, ही हमी डेटाबेस देतो. माझ्या मते निर्णय वेगापेक्षा याच मुद्द्यावर व्हावा.

मी एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसचे एफटीएस-५, म्हणजे मजकुरात शब्द शोधण्याची त्याची सोय, निवडले. फोटो मात्र फायलींतच राहू दिले, कारण एसक्यूलाइटच्याच मोजणीनुसार साधारण १०० केबीपेक्षा मोठा ऐवज वेगळ्या फाईलमधून लवकर वाचला जातो.

खरी कसोटी मराठीने पाहिली. एफटीएस-५ ची नेहमीची शब्दविभागणी काना-मात्रा-वेलांटीला अक्षर न मानता तिथेच शब्द तोडते. त्यामुळे ‘चादर’चे ‘च’ आणि ‘दर’ असे दोन तुकडे झाले; ‘दर’ शोधणाऱ्यासमोर सगळ्या चादरी येऊ लागल्या आणि ‘साल’ शोधले की ‘सोलापूर’ असलेले प्रत्येक पान, कारण तुटल्यावर दोन्हींत ‘स’ आणि ‘ल’ हेच तुकडे लागोपाठ येतात. विभागणीच्या ‘कॅटेगरीज’ या पर्यायात ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे युनिकोड या अक्षरसंकेतातील काना-मात्रांसारख्या चिन्हांचे वर्ग जोडून सूची नव्याने बांधली, तेव्हा शब्द अखंड राहिले. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधण्याची सोय दिल्यावर ‘चादर’ लिहून ‘चादरीचे’ही सापडू लागले. ‘सूत’ लिहून ‘सुताचे’ मात्र तसे सापडत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. अशा शब्दांची दोन्ही रूपे आम्ही वेगळ्या रकान्यात हाताने भरतो.