ट्यूशनच्या रॅकपासून घरच्या ग्रंथालयापर्यंत : आमची वाटचाल

जून उजाडला की लातूरच्या ट्यूशन एरियातल्या गल्ल्या पोरांनी भरून जातात. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून आईबाप लेकरांना घेऊन येतात, हॉस्टेलची खोली ठरवतात आणि मग कॉट, टेबल, खुर्ची, रॅक यांची शोधाशोध सुरू होते. आमचा धंदा त्या शोधाशोधीवर उभा राहिला. धाकटा भाऊ वेल्डिंग शिकलेला, मी सुतारकाम शिकलेला. एमआयडीसीत भाड्याचं शेड घेतलं आणि स्लॉटेड अँगलचे, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे रॅक, प्लायवूडची अभ्यासाची टेबलं असा माल सुरू केला.

हॉस्टेलच्या कामात नफा थोडा, पण शिकायला भरपूर मिळालं. नीटची तयारी करणाऱ्या पोराच्या रॅकवर जाडजूड पुस्तकं, नोट्सचे गठ्ठे, टेस्ट पेपरच्या थप्प्या असतात. तो रॅक दिवसातून दहा वेळा ओढला जातो, त्यावर पाय देऊन माळ्यावरची बॅग काढली जाते. अशा वापरात वर्षभर टिकलेली फळी घरात वीस वर्षं टिकते. कुठली फळी वाकते, कुठला स्क्रू ढिला होतो, कुठल्या बोर्डाची कड आधी फुगते, हे आम्हाला पोरांच्या खोल्यांनी शिकवलं.

घरच्या ग्रंथालयाचं पहिलं काम एका गुरुजींनी दिलं. मुलाच्या खोलीत टेबल बसवताना ते शेजारी उभे राहून रॅकच्या फळ्या दाबून बघत होते. म्हणाले, "असंच घरी करून द्याल का? पण बैठकीत शोभलं पाहिजे. आणि पेन्शनीत बसलं पाहिजे." जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी नोकरी गेलेली, दर बदलीला पुस्तकं पोत्यांत भरून हलवलेली. आम्ही घरी गेलो तेव्हा पुस्तकं माळ्यावर होती, तीन लोखंडी पेट्यांत आणि काही खताच्या रिकाम्या गोण्यांत. गुरुजींच्या घरातल्या ताई म्हणाल्या, "यांना कोणतं पुस्तक लागलं की अख्खा माळा खाली येतो." माणसाने आयुष्यभर घासातला घास काढून घेतलेली पुस्तकं हाताला लागत नसतील तर ती घरात असून नसल्यासारखी. ते काम झाल्यावर आम्ही ठरवलं, आपल्याला हेच करायचं.

आमची पद्धत तेव्हापासून एकच आहे. आधी पुस्तकं मोजायची, मग भिंत. बहुतेक लोक उलटं करतात. मोबाइलवर एखादा फोटो बघतात, पूर्ण भिंतीचं काळं-सोनेरी कपाट करून घेतात आणि मग त्यात काय ठेवायचं याच्या चिंतेत पडतात. आम्ही टेप लावून पुस्तकांची रांग मोजतो. साधारण एका फुटात बारा ते पंधरा मराठी पुस्तकं मावतात, आणि त्या एका फुटाचं वजन सात-आठ किलो भरतं. हे दोन आकडे हातात आले की कपाट किती लांब, किती फळ्या आणि किती मजबुतीचं, सगळं ठरतं.

खर्च वाचतो तो खोलीत, म्हणजे कपाट किती खोल करायचं त्यात. आपली बहुतेक पुस्तकं साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या आसपास असतात. तरी सवयीने बारा-पंधरा इंच खोल कपाट केलं जातं. मग पुढे एक रांग, मागे एक रांग, आणि मागची रांग कायमची विसरली जाते. आठ बाय चार फुटांच्या बोर्डातून बारा इंचांच्या चार पट्ट्यासुद्धा पुऱ्या निघत नाहीत, करवतीच्या पात्याची जाडी जाते. आम्ही साडेनऊ इंचांच्या पाच पट्ट्या काढतो. चारच्या जागी पाच, म्हणजे तेवढ्याच बोर्डात सव्वापट काम. पुस्तक एका रांगेत, पाठ आपल्याकडे करून उभं राहतं. दिवाळी अंकांसारखं रुंद काही असेल तर ते खालच्या फळीवर आडवं.

गुरुजींची भिंत आठ फुटांची होती. 18 मिलीमीटर प्लायच्या तीन बोर्डांत पंधरा पट्ट्या निघाल्या. चार उभ्या, आठ आडव्या, उरलेल्या तीन खालच्या पाट्याला, म्हणजे कपाटाच्या तळाच्या बैठकीला, आणि भिंतीकडच्या आधाराला. सात खण, एकेका खणाचे तीन भाग, जवळपास 54 फुटांची रांग. सहाशेच्या वर पुस्तकं बसली. वजन चार क्विंटलच्या घरात, म्हणजे सोयाबीनचे आठ कट्टे भिंतीला टेकवून ठेवल्यासारखं.

म्हणून फळीचा मोकळा पल्ला आम्ही दोन फूट आठ इंचांच्या वर जाऊ देत नाही. ग्राहक म्हणतात, मधला उभा पाट काढा, मोकळं दिसेल. आम्ही काढत नाही. पार्टिकल बोर्ड असेल तर पल्ला दोन फुटांवर आणतो आणि समोरून दीड इंचाची लाकडी पट्टी मारतो. पट्टीने फळीला ताकदही येते आणि स्वस्तातली फळी जाड, भरीव दिसते. प्लायची कापणी करताना वरच्या थराचा रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, लांबीच्या दिशेने ठेवायचा, आडवा ठेवला तर तीच फळी लवकर झोल खाते. यातल्या कशालाही फारसे जास्तीचे पैसे पडत नाहीत.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. औसा ओलांडलं की किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर आल्या. ते पाहिलेल्या पिढीच्या घरांत आम्ही काम करतो. 2024 मध्ये हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले तेव्हाही लोक रस्त्यावर आले होते. पुस्तकांनी भरलेलं उंच, अरुंद कपाट भिंतीला बांधल्याशिवाय उभं करणं आम्हाला मान्य नाही, मग ग्राहक कितीही म्हणो की भाड्याचं घर आहे, भोक नको. वरच्या बाजूला एल अँगल, विटेच्या भिंतीत फिशर, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी, आणि लांब स्क्रू. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठीचे वेगळे फिशर मिळतात, ते वापरायचे. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंतीत काहीच धरत नाही, तिथे आम्ही सागवानी खांब शोधतो आणि कपाट त्या खांबाला आवळतो. मालकाची परवानगी मिळत नसेल तर कपाट चार फुटांच्या वर नेत नाही आणि जड पुस्तकं तळाला ठेवतो.

माळवदाच्या घरांत काम करायला मला फार आवडतं. तिथे भिंतीतच कोनाडे असतात, फडताळ असतं. दोन हात जाड भिंतीतलं फडताळ म्हणजे तयार कपाट. आत चुना घासून काढायचा, रंग द्यायचा, दोन फळ्या आणि एक छोटा दिवा टाकायचा. एका घरी धान्याची मापं ठेवायच्या फडताळाचं असंच पुस्तकांचं केलं, तर आजीबाई म्हणाल्या, "मापं कुठं ठिवू मग?" आम्ही ती मापंच पुस्तकांच्या टेकूला लावली. शेर, अदुली, मापटं. आत वाळू भरली की पुस्तकं पडत नाहीत. पितळेची ती भांडी घासून पुस्तकांशेजारी ठेवली तर बाजारातल्या कुठल्या शोपीसची गरज राहत नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरी आधी अडगळीची खोली बघू द्या म्हणतो.

सजावटीचं काम आता वहिनी बघते आणि तिचे नियम कडक आहेत. कपाटाला मागे लॅमिनेट लावायचं नाही, मागची भिंतच रंगवायची. गडद हिरवा किंवा विटकरी रंगाचा एक डबा पुरतो आणि पांढरी फळी त्यावर उठून दिसते. दिवा वॉर्म व्हाइट, 3000 केल्व्हिनचा. निळसर पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं वाटतं असं तिचं म्हणणं आहे, आणि जुन्या पिवळट पानांना खरंच तो उजेड मानवत नाही. एलईडी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला तोंड करून, म्हणजे पुस्तकांची पाठ उजळते आणि डोळ्यांवर चमक येत नाही. प्रत्येक फळीवर वीतभर जागा मोकळी, कारण पुस्तकं वाढणारच. एका खणात तिरकी पट्टी लावून चार-पाच पुस्तकांची मुखपृष्ठं समोर, दर महिन्याला बदलायची. खुर्चीवर घरातलीच वाकळ किंवा घोंगडी. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचा एखादा तुकडा घरात असेल तर तो फ्रेम करून मधल्या खणात.

पुस्तकं रंगाप्रमाणे लावून द्या, असं काहीजण सांगतात. पाठ भिंतीकडे आणि पानं पुढे करून लावा, फोटोत छान येतं, असंही सांगतात. ही दोन्ही कामं आम्ही नाकारतो. पाठ दिसली नाही तर पुस्तक सापडणार कसं? नुसते पुठ्ठ्याचे खोटे ग्रंथ मागणारेही आले. त्यांना आम्ही चांगली कुंडी सुचवली.

ऊन आणि धूळ हे आमच्याकडचे मोठे शत्रू. वैशाखात पारा 42 च्या वर जातो आणि वावधान सुटलं की फटीफटीतून माती आत येते. पश्चिमेच्या भिंतीवर कपाट शक्यतो टाळतो, कारण ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. सगळ्या कपाटाला काचेची दारं परवडत नाहीत, म्हणून जमिनीजवळच्या दोन खणांनाच दारं आणि वर उघडं. पाटा तीन इंच उंच, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही. काळ्या मातीवरच्या घरांना भेगा जातात आणि त्या भेगांतून वाळवी येते. कपाट बसवण्याआधी त्या भिंतीच्या तळाला वाळवीचं औषध मारून घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो. वेखंडाची पुरचुंडी, वाळलेला कडुलिंब जरूर ठेवा, कसर लांब राहते, पण वाळवी त्याने थांबत नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि आमचा फोन वाजायला लागला. लोक संमेलनातून पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन आले होते. निलंगा, अहमदपूर, देगलूर, मुखेड, सगळीकडून विचारणा. त्यातले बहुतेक शिक्षक, तलाठी, एसटीतले वाहक, कापड दुकानदार. मोठ्या शहरातल्या इंटिरिअरवाल्यांना ही माणसं ग्राहक वाटत नाहीत. आमचे सगळ्यात चोखंदळ ग्राहक तेच आहेत.

ज्यांना नवीन प्लायही परवडत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुन्हा हॉस्टेलकडे वळलो. बॅच संपली की जुने स्लॉटेड अँगलचे रॅक भंगाराच्या भावात निघतात. ते आणून भाऊ कापतो, गंज घासतो, पावडर कोटिंग करून घेतो. बाजूंना प्लायच्या पट्ट्या लावल्या की ते घरात बसतं. स्पर्धा परीक्षा करणाऱ्या एका मुलीने गावाकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत असे दोन रॅक पाठीला पाठ न लावता एल आकारात लावले, मध्ये टेबल. तिच्या गल्लीतली बाकीची पोरंही आता संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसतात. त्या खोलीच्या दारावर तिने स्वतःच खडूने वेळ लिहिली आहे.

सध्या आम्ही सुट्ट्या भागांचा संच तयार करतोय. पट्ट्या कापून, भोकं पाडून, नंबर टाकून, स्क्रू-फिशरची पुडी बांधून पार्सलने पाठवायचा. किनवट, माहूर, आष्टी अशा लांबच्या गावी आमचा मिस्त्री पाठवायचा म्हटलं तर भाडंच कपाटाएवढं होतं. गावातला सुतार किंवा घरातलं धडपडं पोरगं ते दुपारभरात उभं करू शकेल. जोडणीचं चित्र मराठीत काढतोय आणि त्यात पहिला नंबर भिंतीच्या एल अँगलला दिलाय. पहिला संच मुखेडच्या एका वाहक मामांकडे जाणार आहे. त्यांची पुस्तकं मोजून झालीत, बोर्ड उद्या कापायला लागतील.