फ्रीझरमधली न्याहारी: पाण्याचा बंदोबस्त

रविवारी संध्याकाळी हात चालवून अंडं-चीज भरलेले पाव फ्रीझरमध्ये टाकले की पुढे आठवडाभर सकाळी फक्त तवा तापवायचा, इथवर गाडी आली आहे. चव आधीच जमली होती, पण पाव ओलसर लागायचा. त्यामुळे हा महिनाभर त्या ओलाव्याच्याच मागे लागलो होतो.

गोठताना भाजीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. बर्फ सुटला की ते सगळं पाणी पावात उतरतं. म्हणून काकडी, टोमॅटो, कच्चा कांदा आत नाहीच. मुंबईतल्या नाक्यावरच्या मसाला टोस्टचा जीव त्यांच्यात असतो हे मान्य, पण त्या चकत्या पाव गरम केल्यावर वरून घालाव्यात, दोन मिनिटांचं काम आहे. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो आणि मेयोनेज फुटतं, तेही बाद. बटाट्याच्या चकत्या स्पंजासारख्या होतात, पण तोच बटाटा लोण्यात मऊ कुस्करून घातला तर छान टिकतो.

सध्याचा हुकमी एक्का म्हणजे ढोकळ्याच्या ताटात वाफवलेलं अंडं. सहा अंडी, पाव वाटी दूध, त्या दुधातच आधी कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरपूड, बारीक चिरलेली मिरची-कोथिंबीर. कॉर्नफ्लोअर टाळू नका, अंड्याला नंतर पाणी सुटत नाही ते त्याच्यामुळेच. ताटाला तेलाचा हात, झाकणाला फडकं बांधलेलं, आणि आच मंद. मोठ्या आचेवर अंडं फुगतं, त्याला जाळी पडते आणि त्या जाळीतूनच पुढे पाणी गळतं. ढोकळ्याला जाळी पडली की आपण खूश होतो, इथे नेमकं उलटं. ताट हलवून पाहिलं आणि मधला भाग थरथरला नाही की गॅस बंद. माझ्या वीत-भर ताटातून लादी पावाच्या मापाचे चार चौकोन निघतात. गोल कडा उरतात त्या कापणाऱ्याच्या, यात वाद नको.

पाव मधून कापून आतली बाजू लोण्यावर तांबूस होईपर्यंत भाजायची. लोण्याच्या त्या थरामुळे पाणी आत शिरत नाही. चटणी पावाला लावायचीच नाही, ती अंडं आणि चीज यांच्या मध्ये. चटणीत पुदिना कमी, कोथिंबीर जास्त, लिंबू पिळलेलं आणि घट्टपणासाठी मूठभर डाळं. पाणी जवळजवळ नाहीच.

रचण्याआधी सगळं जाळीवर, पंख्याखाली पूर्ण गार. कोमट गुंडाळलं तर वाफ कागदाच्या आत धरते आणि तिचाच बर्फ होतो. पण गार करायच्या नादात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, एप्रिल-मेमध्ये तर तासभरच. मग बटर पेपर, वर फॉइल, आणि हवा दाबून काढलेली झिपची पिशवी. पहिल्या रात्री एकावर एक रचू नका, सुटे पसरून ठेवा: लवकर गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. फ्रीझर −18 अंशांचा हवा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तेवढा गार होत नाही, त्यामुळे तिथे आठवड्याच्या पुढे जाऊ नये.

लोडशेडिंगवाल्यांसाठी: दार उघडलं नाही तर भरलेला स्वतंत्र फ्रीझर साधारण 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या की काम होतं.

खायच्या आदल्या रात्री एक पुडकं खाली फ्रिजमध्ये. पाव शिळा सर्वांत लवकर फ्रिजच्याच तापमानात होतो, पण एका रात्रीचा शिळेपणा तव्यावर निघून जातो. मंद आच, झाकण, दोन्ही बाजू, मधोमध वाफ येईपर्यंत. मायक्रोवेव्ह असेल तर फॉइल आठवणीने काढून, टिश्यूत गुंडाळून अर्ध्या पॉवरवर, आणि शेवटचं अर्धं मिनिट तव्यावर, नाहीतर पाव चामट लागतो. एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही.

अंडं न खाणाऱ्या सासूबाईंसाठी आता पनीर भुर्जी करून बघणार आहे. पनीर गोठून भुसभुशीत होतं, पण भुर्जीला ते चालतंच. त्यानंतर खिमा पाव. खिमा गोठवायला उत्तम, घरचे मात्र तो शुक्रवारपर्यंत टिकू देतील असं वाटत नाही. त्याला सुटलेलं तेल निथळून काढायचं की थोडं पावात मुरू द्यायचं, यावर अजून माझं ठरत नाहीये. कोणी केलं असेल तर सांगा.